हमीदचाचांचे नऊ सेकंद

हमीदचाचा मला आधी कानात भेटले आणि नंतर प्रत्यक्ष. एके दिवशी आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. पाकिटावर जाड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ताईंना हातोहात द्यावी.’ आत कॅसेट होती. तोपर्यंत पनवेलमधल्या बहुतेक घरांतून कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर भंगारवाल्याच्या पोत्यात जाऊन पडले होते. मी माळ्यावर चढून माझा जुना टेप काढला, धूळ झटकली आणि बटण दाबलं. थोडी खरखर झाली आणि एक भरदार आवाज म्हणाला, “अस्सलामु अलैकुम. मी इथे खुशाल हाय. तुमी पण सगळे खुशाल असाल. काय, सगळे बरे ना?”

मग काहीच नाही. टेप अडकला असं समजून मी त्याला थापट मारायला हात उचलला, तेवढ्यात आवाज म्हणाला, “बरं बरं. अल्लाचा शुक्र हाय. आता कोल्ह्याची गोष्ट ऐका.”

मी डोक्याला हात लावला.

आम्ही पाच-सहा जण तेव्हा एक उद्योग करत होतो. जुन्या बोधकथा, म्हणजे पशुपक्ष्यांच्या त्या चिमुकल्या गोष्टी, मराठीत वाचून रेकॉर्ड करायच्या आणि इंटरनेटवर फुकट ठेवायच्या. ज्याला हव्या त्याने ऐकाव्यात. कुणाला मानधन नाही, कुणाचा सत्कार नाही. वाचनालयात पाटी लावली आणि वाचणारे पुष्कळ मिळाले. पण वाचलेलं नीट ऐकून चुका काढायचं काम कुणालाच नको होतं, ते माझ्याकडे आलं. शाळेत तीस वर्षं लाल पेन चालवलेली मी बाई. मला ते काम म्हणजे निवृत्तीनंतरची मेजवानी होती. पुस्तकात आहे तसंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि मधे दोन सेकंदांपेक्षा जास्त शांतता नको, असे आमचे नियम. माझ्याच जुन्या मुख्याध्यापकांचं रेकॉर्डिंग मी तीनदा परत पाठवलं होतं. ते अजून रस्त्यात भेटले की पलीकडच्या फुटपाथवर जातात.

तर कॅसेट परत करायला म्हणून मी चाचांच्या घरी गेले. मोहल्ल्यात, तळ्याच्या अलीकडे, दोन खोल्यांचं स्वच्छ घर. चाचा सव्वीस वर्षं कुवेतला क्रेन चालवून परत आले होते. उंच, दाढी मेंदीने लाल केलेली आणि हात सतत कुठलीतरी दांडी मागेपुढे करत असल्यासारखे हलणारे. मी नियम सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “ताई, आधी चहा. ओरडायचं ते नंतर ओरडा.”

चहा पिताना त्यांनी सरळच सांगितलं, “माझी लेक शबनम तळोज्याला राहते. जावयाला दोहाला नोकरी लागली, तीन महिन्यांनी सगळे चालले. नातू रेहान चार वर्षांचा. तिकडं गेला की मला विसरंल. तुमचं ते इंटरनेट दोहाला दिसतं ना? मग झालं. माझा आवाज तरी घरात राहील.”

याच्यावर काय ओरडणार? मी त्यांना आमचा तळहाताएवढा रेकॉर्डर दिला. चाचांनी तो उलटापालटा करून पाहिला, कानाला लावला आणि संशयाने विचारलं, “यात फिरत काय नाय. मग भरतंय कशावरून?” पुढचे आठ दिवस ते रेकॉर्डर आणि स्वतःचा टेप, दोन्ही चालू ठेवून वाचत होते. एक दगा देईल म्हणून दुसरा.

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे चाचांच्या बायकोचं, फातिमाभाभींचं कपाट. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून चाचा दुपारी दोन ते चार, दोन अजानांच्या मधे, कपाटात स्टुलावर बसत. अंगावर बनियन, मांडीवर पुस्तक, तोंडात टॉर्च. टॉर्च तोंडात धरून वाचता येत नाही हे त्यांच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. भाभींचे कपडे अर्थात पलंगावर. भाभी म्हणायच्या, “लोकांच्या घरात कपडे आत नि नवरा भायेर. आमच्याकडं उलटं.”

एकदा उरणहून शबनमचे सासू-सासरे न कळवता आले. मीही नेमकी तिथेच होते. सरबत पुढे आलं आणि आतल्या खोलीतून सिंहाची डरकाळी ऐकू आली. विहीणबाईंच्या हातातलं सरबत हिंदकळलं. भाभी शांतपणे म्हणाल्या, “ते कपाटात हायेत. गोष्टीत तीनच ओळी ऱ्हायल्यात, येतील.” तीन ओळी झाल्या. बोधही झाला. मग घामाने निथळणारे चाचा खांद्यावर भाभींची ओढणी अडकलेल्या अवस्थेत बाहेर आले आणि मोठ्या अदबीने म्हणाले, “सलाम. कधी आलात?” विहीणबाईंनी त्यानंतर पुष्कळ दिवस फोन करूनच यायचा रिवाज पाळला.

चाचांच्या वाचनावर माझी चुकांची यादी वहीत मावेना. ‘एक मिनिट बारा सेकंद : कोल्ह्याला हरामखोर म्हटले आहे. पुस्तकात नाही.’ यावर चाचांचा फोन, “पुस्तकात नाय, पण हाय की नाय?” ‘दोन मिनिटे चार सेकंद : सिंहाच्या संवादात “फातिमा, दूध बघ” असे आले आहे.’ यावर, “उतू गेलं असतं, ताई.” शेवटी आलेला बोध त्यांना पटला नाही, तर तो वाचून झाल्यावर ते घसा खाकरत. ते खाकरणंही मी कापत असे. आणि प्रत्येक गोष्टीची सुरुवात सलामाने आणि खुशालीनेच.

या सगळ्या चुका हळूहळू सुटल्या. एक सुटली नाही. गोष्टीत कुणी कुणाला प्रश्न विचारला की चाचा थांबत. थोडेथोडके नाही, नऊ सेकंद. मी घड्याळ लावून मोजले होते. आणि मग हळूच म्हणत, “शाब्बास.”

“चाचा, इथे नऊ सेकंद काहीच नाही.”

“काहीच नाय कसं? तिथं ऐकणारा बोलतो.”

“कोण बोलतो? हे रेकॉर्डिंग आहे!”

“ताई,” चाचा समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमी कधी कुवेतला होता का?”

त्याचा अर्थ मला भाभींनी सांगितला. तेव्हा फोन महाग, पत्र लिहायचा कंटाळा. कुवेतची माणसं कॅसेटी भरून गावी येणाऱ्याच्या हाती पाठवायची. चाचांची कॅसेट आली की छोटी शबनम ताट घेऊन टेपसमोर बसायची. टेपमधले अब्बा विचारायचे, “शब्बो, जेवलीस का?” आणि थांबायचे. ती उत्तर द्यायची. मग अब्बा म्हणायचे, “शाब्बास.” एकदा ती रुसली होती. म्हणाली, “नाय जेवले, जा!” तरी अब्बा म्हणाले, “शाब्बास.” ती इतकी हसली की रुसवा विसरून जेवली.

“मग हे सुट्टीवर आले,” भाभी सांगत होत्या. “पोरगी पाच वर्षांची. ह्यांच्याजवळ जाईना. म्हणे, हा अब्बा नाय, अब्बा टेपात हाय. काय पायजे असलं की टेपासमोर जाऊन बसायची नि टेपाला सांगायची, अब्बा, मला फुगा पायजे. मग हे काय करायचे? टेपाच्या मागं लपून बसायचे नि तिकडनं बोलायचे!”

भाभी हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मलाही हसू आलं आणि पुरतं आलं नाही. कारण बापलेकीचं बोलणं तिथंच, टेपापाशी राहिलं होतं. शबनम मोठी झाली, शिकली, लग्न होऊन तळोज्याला गेली. दर ईदला यायची. पण बापलेक समोरासमोर बसले की सुरमई महाग झाली, तळोज्याला कसला वास येतो, एवढंच बोलणं. टेपाला ती सगळं सांगायची. माणसाला सांगायची सवय कधी लागलीच नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी जे केलं ते केलं. त्याची लाज मला आजही वाटते.

त्या तीन महिन्यांतली चाचांची शेवटची गोष्ट उंट आणि चिमणीची होती. वाळवंटातून चाललेल्या उंटाच्या पाठीवर चिमणी बसते आणि विचारते, “उंटदादा, तुझं घर कुठे?” इथे चाचांचे नऊ सेकंद आणि शाब्बास. मग उंट म्हणतो, “पाठीवरचं ओझं जिथे उतरतं, तिथे.” चाचांनी ती सहा वेळा वाचली होती. शबनमचं विमान आठवड्यावर आलं होतं, त्यांना घाई होती. मला नियमाची घाई होती. मी कॉम्प्युटरवर सगळ्या गोष्टींमधली शांतता निवडली, बटण दाबलं आणि पुसून टाकली. शाब्बासही गेलं. गोष्टी कशा सुटसुटीत झाल्या. मी त्या इंटरनेटवर चढवल्या आणि दमल्याभागल्या मास्तरणीला यावी तशी मला छान झोप लागली.

दोन दिवसांनी चाचा माझ्या घरी आले, पहिल्यांदाच. नव्या पनवेलला, रिक्षा करून, हातात खजुराचा डबा. मी म्हटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“रेहानला ऐकवली,” ते म्हणाले. “आवाज साफ येतो. मशीन चांगलं हाय तुमचं.” मग डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत म्हणाले, “पोरगा तोंड उघडायचा, तोवर उंट बोलून मोकळा. तीनदा उघडलं त्यानं तोंड. ताई, तुमी माझ्या नातवाला बोलूच दिलं नाय.”

मी नियमांचं काहीतरी पुटपुटले. ते मान डोलावत ऐकून घेत होते. मग मला स्वतःचाच राग आला. तीस वर्षं मी वर्गात प्रश्न विचारत आले होते. पण कधी नऊ सेकंद थांबले होते का? दोन सेकंद झाले की पुढचा बाक.

“किती हवेत?” मी विचारलं.

“नऊ.”

“तीन देते.”

“तीनात लेकरू आवंढा गिळतं, ताई. नऊ.”

“पाच.”

“तुमी मासळीबाजारात जात नाय, ते चांगलं करता,” चाचा म्हणाले. “कोळणी तुमाला लुटतील. नऊ.”

नऊ झाले. शाब्बासवर मात्र मी अडून बसले. ते पुस्तकात नव्हतं. शेवटी ठरलं की इतर गोष्टींत फक्त शांतता परत येईल आणि उंटाच्या एका गोष्टीत एक शाब्बास राहील. हरामखोर कोल्ह्यासाठीही त्यांनी एक प्रयत्न करून पाहिला. पण तिथे मी मास्तरीणच राहिले. विमानाच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्या फाइली बदलल्या. आमच्या सगळ्या संग्रहात नियम मोडणाऱ्या फाइली फक्त चाचांच्या आहेत आणि तो नियम तपासणारीने स्वतः मोडलेला आहे.

पुढची तीन वर्षं चाचा वाचत राहिले. कपाट आता कायमचं त्यांचंच झालं होतं. भाभींनी दुसरं घेतलं. शबनमचा आठवड्याला फोन यायचा. “काय म्हणते?” असं मी विचारलं की चाचा सांगायचे, “गरमी फार हाय म्हणते. मी म्हटलं, इथं पण हाय.” आणि हसायचे. ते हसू मला आवडायचं नाही.

मग एका सकाळी मासळी आणायला पिशवी घेऊन निघालेले हमीदचाचा उंबऱ्यावरच बसले आणि गेले. माती त्याच दिवशी झाली. शबनम दुसऱ्या दिवशी पोचली. तिला तोंड बघायला मिळालं नाही.

मी चौथ्या दिवशी गेले. भाभी आतल्या खोलीत होत्या, बायका त्यांच्याजवळ बसलेल्या. शबनम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला बघून म्हणाली, “बसा ताई. गरमी फार हाय ना?” अगदी चाचांसारखं. मी म्हटलं, हो, फार आहे. 

बाहेरच्या खोलीत सात वर्षांचा रेहान आईचा फोन घेऊन बिस्किट खात बसला होता. आजोबा गेल्याचं त्याला कुणी सांगितलं होतं की नव्हतं, कोण जाणे. त्याने बटण दाबलं आणि हमीदचाचा बोलायला लागले.  वाळवंट आलं, उंट आला, चिमणी येऊन बसली. ‘उंटदादा, तुझं घर कुठे?’

आणि मग चाचा थांबले.

रेहानच्या तोंडात बिस्किटाचा बकाणा. त्याने घाईघाईने चावायला सुरुवात केली, हाताने थांबा थांबा अशी खूण फोनलाच केली. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून शबनम पुढे आली, फोनसमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “पनवेल, अब्बा. मी आले. उशिरा आले.”

अजून वेळ शिल्लक होता. ती वाट बघत बसली. मग हमीदचाचा म्हणाले, “शाब्बास.”