शिकारीच्या कपड्यांना ऊद

मला एक सांगा, अठ्ठावीस वर्षं अत्तर लावल्याशिवाय उंबरा न ओलांडलेला नवरा एक दिवस अत्तराच्या कुपीला हातच लावेनासा झाला, तर तुमच्या मनात काय काय येईल?

माझ्या मनात जे आलं आणि त्यापायी मी जे करून बसले, ते आठवलं की अजून कान गरम होतात.

आम्ही रत्नागिरीकडचे, राहतो कतारात, अल खोरला. आमचे हे कंपनीत यंत्रं दुरुस्त करतात. यंदा त्यांचं इथलं शेवटचं वर्ष. त्यांचे साहेब, यान, दक्षिण आफ्रिकेचे. ते म्हणाले, "इक्बाल, गावी जाण्याआधी तीन दिवस माझ्या भावाच्या रानात चल. धनुष्यबाणानं कुडू मारू. परवाना मी काढतो. यल्ला, निघू या!" कुडू म्हणजे पिळदार शिंगांचं हरीण. पण केवढं? बैलाएवढं!

आमचे हे असे खुलले म्हणता! लहानपणी बांबूच्या कांबीला काथ्याची दोरी बांधायची, छत्रीच्या काडीचा बाण करायचा आणि परसातले फणस टिपायचे, हा यांचा धंदा. सासूबाई सांगायच्या, घरात एक छत्री धड उघडत नव्हती.

मग चार महिने दर शुक्रवारी दुपारी समैस्माला, साहेबांच्या घरामागे सराव. तांदळाच्या पोत्यात चिंध्या कोंबून त्याचा कुडू केलेला. आणि रात्री जेवताना मला शिकवणी.

"अगो, धनुष्य साठ पौंडांचं लागतं."

"एवढं ओझं उचलणार कसे तुम्ही?"

"ओझं नव्हे गो! दोरी ओढायला लागणारा जोर."

पहिल्याच आठवड्यात हौसेनं सत्तरचं ओढलं आणि खांदा धरला. पंधरा दिवस मी तेल चोळत होते. नंतर बाण. हलका बाण बरगडीत अडकतो, जड हवा. पातं वस्तऱ्यासारखं हवं. वीस पावलांच्या पलीकडे बाण सोडायचाच नाही. जनावर जखमी होऊन पळालं तर त्याचं पाप आपल्या माथी. मी माशाचे काटे काढत "हं, हं" करायची. आता खरं सांगा, तुम्हीसुद्धा तेच केलं असतं ना?

तर अशात अत्तर बंद झालं. मग घरात कसलाच वास नसलेला साबण आला. मग लसणाची चटणी नको. तळलेले बोंबील नकोत. नवे हिरवे कपडे यांनी स्वतः धुतले, गॅलरीत वाळवले आणि घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून टाकले. माझ्या कपाटात ठेवायलासुद्धा तयार नाहीत!

खालच्या मजल्यावर वसईची रीटा राहते, नर्स आहे. तिच्याकडे गेले.

"अगं हमीदा, नाक तपासून घे त्यांचं," ती म्हणाली. "नाहीतर मन खचलं असेल. देश सोडायची वेळ आली की होतं असं पुरुषांना."

मला ते तंतोतंत पटलं! खचलेच आहेत. बिचारे. मला सांगत नाहीत एवढंच.

निघायच्या दिवशी हे केस कापायला गेले आणि मी तो डबा उघडला. कपड्यांना काही म्हणजे काही वास नाही. अनाथ वाटत होते हो ते कपडे! मला आठवलं, हे पहिल्यांदा कतारला निघाले तेव्हा सासूबाईंनी निखाऱ्यांवर लोबान टाकून यांचे दोनच शर्ट किती वेळ धुरावर धरले होते. म्हणाल्या होत्या, "परक्या मुलखात पोराबरोबर घर जाऊ दे." आणि आज आफ्रिकेत चाललेला माणूस असा कोरडा पाठवू?

ईदसाठी ठेवलेला भारी ऊद काढला. शर्टाला धूर दिला, पँटला दिला, मोज्यांनासुद्धा! टोपीच्या आत अत्तराचं बोट फिरवलं. झाकण लावलं. झाकण इतकं पक्कं, की बाहेर कुणाला पत्ता नाही. हे खूश होतील म्हणून सांगितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी मगरिबच्या, दिवेलागणीच्या सुमाराला तिकडून फोन.

"हमीदा, कपड्यांना काय केलंस?"

"काही नाही. थोडासा ऊद दिला."



"दोन दिवस पाणवठ्यावर लपून बसलोय. कुडू येतो, ऐंशी पावलांवर थांबतो, नाक वर करतो आणि पळतो. शेवटी आज साहेब माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, इक्बाल, इथे कुणाचं लग्न आहे का?"

"अल्ला! आणि तुम्हाला वास नाही आला?"

"आला ना. डबा उघडला तेव्हाच आला. मला वाटलं, लांब आलोय म्हणून घराची आठवण येतेय."

मी विचारलं, "पण वास चालत नाही हे मला सांगायचं नाही होय?"

"सांगितलं होतं. पापलेट केलं होतंस त्या दिवशी. अंगाला, कपड्याला, कशालाच वास नको, म्हणालो. तू 'हं' म्हणालीस."

यांच्याकडे फक्त एक सकाळ उरली होती. चार महिन्यांचा सराव, तो खांदा, त्या छत्र्या मोडणाऱ्या पोराची सगळी हौस, माझ्या हौसेच्या धुरात गेली होती. मी जानमाजवर बसून त्या कुडूसाठी दुआ मागितली. म्हणजे तो येऊ दे म्हणून! त्याची माफीही मागितली.

अठ्ठावीस वर्षं या माणसाला मी इस्त्रीत आणि सुगंधात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या भावानं यांना आंघोळ करायला लावली, गोठ्यातला शेणानं माखलेला गुराख्याचा कोट चढवला, आणि कुडू अठरा पावलांवर येऊन उभा राहिला. यांनी त्याला एका बाणात पाडलं.