पैऱ्यावर केलेले प्रकल्प

सांगलीजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गटाने प्रकल्प करायची टूम मीच काढली. विभागप्रमुख म्हणाले, "करा. पण बाहेरच्या परीक्षकांसमोर फजिती झाली, तर पुढच्या वर्षी आपली जुनी जर्नलंच बरी." जर्नल म्हणजे एकाने लिहायचं आणि अख्ख्या वर्गाने उतरवायचं. त्याचा मला मनापासून तिटकारा. तेव्हा कंबर कसली. कुणी तारा जोडायच्या, कुणी प्रोग्रॅम लिहायचा, कुणी बोलायचं, सगळं ठरवून दिलं. पोरांनी "हो मॅडम" म्हणून माना डोलावल्या आणि आपल्याला हवं तेच केलं.

तरी प्रकल्प वेळेत झाले, त्यामुळे मी हवेतच होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी तालीम घेतली आणि धाडकन खाली आले. कुंडलच्या एका मुलीच्या गटाने माती सुकली की आपोआप सुरू होणारा पंप केला होता. पंप झकास चालला. "ही तार इथे का जोडली?" मी विचारलं. अख्ख्या गटाने मागे वळून पाहिलं. मागून दुसऱ्याच गटातला एक मुलगा म्हणाला, "मी सांगू का? ती मी जोडलीया." त्याला त्याच्या स्वतःच्या प्रकल्पाचं विचारलं, तर तो या मुलीकडे बघायला लागला!

माझा पारा चढला. "हा काय प्रकार आहे?"

"आवं मॅडम, आमी पैरा केला," ती म्हणाली. "आज समद्यांनी आमचं काम करायचं, उद्या आमी त्येंचं. रानात करत्यात तसंच."

"आणि तुमच्या कामाच्या दिवशी तुम्ही काय करत होतात?"

"ज्येचं काम, त्येनं खान्यापिन्याचं बघायचं असतंय. आमी भडंग आन् च्या आनला."

म्हणजे प्रत्येकाला सगळ्यांचे प्रकल्प पाठ, फक्त स्वतःचा सोडून. हसावं की रडावं तेच कळेना. रात्रीत पोपटपंची करून घेणं मला पटलं नाही. सकाळी परीक्षकांना सगळं खरं सांगून टाकलं. विभागप्रमुखांचा चेहरा पडला.

परीक्षक कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. म्हणाले, "मग ज्याने केलं, त्यालाच विचारू." पोरं दुसऱ्यांच्या टेबलांशी उभी राहिली आणि धडाधड उत्तरं देऊ लागली. शेवटी परीक्षकांनी कुंडलच्या मुलीला गाठलं. "तुझ्या प्रकल्पात तू काय केलंस?"

"मानसं लावली, सर. त्यो तारा चांगल्या जोडतोय, पर त्येला घाई लय. म्हनून तपासायला शेजारी एक शांत पोरगी बसवली. एकजन रुसला हुता. त्येला आधी च्या दिला, मग काम."

परीक्षक खदखदून हसले. "नोकरीभर मी हेच करत होतो, पोरी. मला जमायला केस पिकावे लागले."

त्यांना गाडीपर्यंत सोडून विभागप्रमुख परत आले. "पुढच्या वर्षीही गटच ठेवा, मॅडम," ते म्हणाले. इतका आनंद मला स्वतःच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. मी आभार मानायला तोंड उघडलं, तोच ते वळून म्हणाले, "फक्त ज्याचा प्रकल्प आहे, त्यालाही थोडं काम करू द्या."