लॅपटॉप पहिला आला

लॅपटॉपने हिशेब आधी संपवला, तेव्हाच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण आमच्या ऑफिसात काहीतरी चुकल्यासारखं वाटणं रोजचंच! म्हणून तर एवढे किस्से साठलेत. कुणाला एक सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा ढकलत पुढे येतो.

ऑफिस ठाण्यात, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मालक साठे सर, मागच्या खोलीत मशीनं, हार्डवेअरवाला निलेश कोळी आणि मी. ठाकुर्लीच्या एका पतपेढीला कॉम्प्युटर घ्यायचा होता. सर्व्हर घ्यावा की लॅपटॉप, यावरून संचालकांत दोन तट पडलेले.

सर मला म्हणाले, "दोन्हींवर एकच व्याजाचा हिशेब चालव. कुठला प्रोसेसर आधी संपवतो ते बघ आणि त्यांना दाखव. हे काम नीट झालं की तू कायम!"

बी.एस्सी. होऊन मी तात्पुरती लागलेले. आणि डोंबिवलीत आईने आमच्या अख्ख्या मजल्यावर पेढे वाटून "कायम झाली" असं सांगूनही टाकलेलं!

तर, सर्व्हर म्हणजे पत्र्याचं कपाटच. लॅपटॉपचा प्रोसेसर बिचारा कमी विजेवर भागवणारा, म्हणून सावकाश. तरी लॅपटॉप जिंकला. मी घाबरून परत चालवलं. परत जिंकला!

निलेशने सर्व्हरच्या तोंडावरचं एक बटण दाबलं. "टर्बो बंद आहे गं. अर्ध्या स्पीडला चाललाय हा! कोणी बंद केला?"

"मी," पुढच्या खोलीतून सर म्हणाले. "घरी जाताना रोज करतो. दिवे, पंखा, टर्बो."

"आणि सकाळी चालू कोण करतं, सर?" निलेशने विचारलं.

"दिवे, पंखा मी करतो," सर म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप इतका रेंगाळला, की तो बिघडलाच असं समजून मी रडायच्या बेतात.

निलेश म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. बॅटरीवर आहे ना तो. बॅटरी पुरवायला प्रोसेसर स्वतःच हळू होतो. वायर लाव, बघ कसा पळतो."

नेमके तेव्हाच पतपेढीचे अध्यक्ष दामले काका चौकशीला आलेले. सर त्यांना रंगवून सांगत होते, "हा कुठेही घेऊन जा. गच्चीत, बागेत, गावाला!"

"आणि जोरात चालवायचा असेल तर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही, घाम फुटतो.

"मग भिंतीपाशी बसावं लागतं," मी म्हटलं.

*

सर्व्हर तापतो, हा त्याचा दोष म्हणून मी सरांना सांगितलं. निलेशला ते मुळीच पटलं नाही.

"दोष काय त्यात? दुपारपर्यंत डबा गरम राहतो!"

सर ताडकन उठून मागे आले. सर्व्हरच्या डोक्यावर स्टीलचा डबा.

"काय आहे यात?"

"बांगड्याचं कालवण."

सर आठवड्याचे तीन वार कांदासुद्धा न खाणारे. "माझ्या सर्व्हरवर बांगडा?"

"झाकण घट्ट आहे, सर. आणि लॅपटॉपवर पण ठेवून बघितला. नुसता कोमट होतो. कमी पावरचा ना!"

त्या दोन प्रोसेसरमधला फरक सरांना इतक्या पटकन मी कधीच समजावू शकले नसते.

*

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा. सरांनी सर्व्हरला झेंडूचा असा जाडजूड हार घातला, की पुढून-मागून हवेचं एकही भोक उघडं राहिलं नाही. लॅपटॉपला एकच फूल. "तो लहान आहे," म्हणाले.

हिशेब चालूच होता. आरती अर्ध्यावर आली, तोच सर्व्हर ठप्प! बटणं दाबली, ढिम्म. मी किंचाळले. निलेशने हार ओढून काढला, तर आतून गरम झेंडूचा वास.

"गुदमरला तो, सर!"

सर हात जोडूनच उभे होते. "आधी आरती पूर्ण होऊ दे. मग काय ते बघ."

*

आणि मग डेमोचा दिवस. सर्व्हर टेम्पोने ठाकुर्लीला आदल्या दिवशीच पोचलेला. निलेशने तो जोडून दिला आणि शीळफाट्याला कुणाच्या तरी तक्रारीवर निघून गेला. लॅपटॉप सरांनी सकाळी स्वतः माझ्या हातात दिला. "जिवापाड सांभाळ!"

पाच संचालक, पाच बशा पोहे आणि मी. सर्व्हर सुरू केला. लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर एकच रिकामी चौकट. पासवर्ड मागत होता! आदल्या दिवसापर्यंत असं काही नव्हतं.

मी सरांचं नाव घातलं. नाही. ऑफिसचं घातलं. नाही.

"मुलीचं नाव घालून बघा," एक संचालक म्हणाले.

"बायकोचं?"

"बायकोचं कोण ठेवतं हो!"

गणपती, सरांच्या स्कूटरचा नंबर, सगळं झालं. घाईघाईत गणपतीच तीनदा चुकला.

दामले काका पोहे खाता खाता म्हणाले, "सर्व्हरने हिशेब निम्मा संपवला, हा अजून दारसुद्धा उघडत नाही. झाली की तुलना! तुम्हाला कायम केलंय का हो तिथे?"

मी फोनकडे धावले. ऑफिस एंगेज. परत लावला, एंगेज. डोळ्यांसमोर आई, पेढे, अख्खा मजला. बोट दुखेपर्यंत डायल फिरवत राहिले. पाचही जण खुर्च्या वळवून माझ्याकडे बघत बसलेले.

आणि एकदाची रिंग गेली! पलीकडे सर.

"सर, मी बोलतेय, ठाकुर्लीहून..."

"अगं, बरं झालं तूच फोन केलास! मी मघापासून तिथेच लावतोय, सारखा एंगेज! ऐक, त्या लॅपटॉपला काल मी पासवर्ड घातलाय. तो तुला सांगितला होता का गं? मला काही केल्या आठवत नाहीये!"