वहीत न लिहिलेल्या लाट्या

"शुगर परत आली आहे," डॉक्टर म्हणाले. "वजनही सहा किलोनं वाढलंय."

मी "बरं" म्हटलं. खरं सांगते, मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. समोरच्या भिंतीवर पोटाचं रंगीत चित्र होतं, ते बघत बसले. चेहरा उतरला तो शेजारी बसलेल्या ह्यांचा. कंपनीत शिफ्ट बदलून आले होते बिचारे.

वजनाचं ऑपरेशन करून घेतलेल्यांसाठी, किंवा घ्यावं की नाही अशा विचारात असलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मी केला तो शहाणपणा तुम्ही करू नका.

मी रोह्याची, म्हणजे पुलापलीकडे अष्टमीत राहते. माहेर पेण. ऑपरेशनच्या आधी माझं वजन एकशे बारा किलो होतं आणि शुगरच्या तीन गोळ्या चालू होत्या. माझ्या वडिलांचा पाय शुगरमुळे गुडघ्याखाली कापावा लागला होता. आई रोज ती जखम पुसायची आणि मी वास नको म्हणून दाराबाहेर उभी राहायचे. पुढे ते फार दिवस राहिले नाहीत. माझ्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि महिनाभर भरेना, तेव्हा मी ऑपरेशनला हो म्हटलं. मला पाय वाचवायचा होता. बारीक दिसायची हौस कुणाला? पन्नाशीत काय मिरवायचंय!

ऑपरेशनचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. म्हणजे जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. भूक लावणारं द्रव्य बरंचसं त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. हे आधी सांगितलं होतं, मी मानही डोलावली होती. पण भूक गेली म्हणजे काय, ते गेल्यावरच कळतं.

पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ, तेही औषधाच्या कपानं घोट घोट. मग मऊ. मग साधं जेवण, वाटीभर. आधी मासा, अंडं नाहीतर वालाचं बिरडं, मग भाजी, भात सगळ्यात शेवटी. घास पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, वाटीभर जेवणाला अर्धा तास लावायचा. मी मोबाइलवर गजर लावायचे. गजर झाला की बसायचं, चावायचं, उठायचं. जिताड्याचं कालवण असो की मुगाचं पाणी, मला सगळं सारखंच. चौथ्या महिन्यात केस गळले, त्याचंही काही वाटलं नाही. बाजारात बायका विचारायच्या, "काय गो, आजारी व्हतीस काय?" मी "व्हय" म्हणून पुढे जायचे.

वजन अठ्ठ्याहत्तरवर आलं. गोळ्या बंद झाल्या, जखम भरली.

मग उन्हाळा आला आणि मी पेणला गेले. माझ्या भावाचा आणि वहिनीचा पोह्यांच्या पापडांचा धंदा आहे, दर उन्हाळ्यात दोन महिने मी मदतीला असते. पीठ कुटायचं, तेलाच्या हातानं त्याच्या लांब वळ्या करायच्या, दोऱ्यानं लाट्या कापायच्या. कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकली की काय लागते, ते ज्यानं खाल्ली त्यालाच ठाऊक. ऐंशीची माझी आई लाट्या कापता कापता एक माझ्या हातावर ठेवायची. "घे गो, एका लाटीनं काय व्हतंय?"

आणि मला चव लागली! इतक्या महिन्यांनी जिभेला काहीतरी कळलं. मी घेत गेले.

तर, त्या दिवशी हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ मॅडमनी वही मागितली. खाल्लेलं सगळं लिहायची वही. पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. पानं उलटून म्हणाली, "जेवण तर बरोबर आहे. मग वजन आलं कुठून?"

"वही खरी आहे," मी म्हटलं.

"जेवणाच्या मध्ये काय खाता?"

"काही नाही. लाट्या तेवढ्या."

"किती?"

लाट्या कोण मोजतं? आमच्याकडे लाटी म्हणजे खाणं नव्हेच, ती चाखायची असते. मी खोटं लिहिलं नव्हतं, मला ते खाणं वाटलंच नव्हतं. मॅडमनी समजावलं, मऊ आणि तेलकट पदार्थ त्या नळीतून सरसर उतरतात, पोट भरल्याचं कळतच नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आम्ही पोट लहान केलं. सवय होती तेवढीच आहे."

परतताना पेणला उतरलो. आईला सांगितलं. तिच्या हातातला दोरा थांबला.

"बापासारखं व्हनार?"

"अजून नाय."

"मंग आधी सांगायचं नाय गो? मीच भरवत व्हते तुला!" ती रडायला लागली. मला रडू येत नव्हतं, त्याची लाज वाटली. मग तिनं लाट्यांचं ताट पलीकडे सरकवलं. "तू हितं बसू नको. आत जा." ते मात्र लागलं. माझ्याच आईनं मला लाट्यांवरून उठवलं होतं.

दुपारी पानं वाढली. आईच्या तोंडात एकही दात नाही. कवळी टोचते म्हणून डबीत पडलेली. ती घास घोळवत बसते, तोवर सगळे हात धुऊन मोकळे. मीसुद्धा आधी पाच मिनिटांत ताट साफ करून उठायचे. ती मागे एकटीच जेवत असते, हे मी कधी वळून पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी भाऊ उठला, वहिनी उठली, हे उठले. मी वाटी घेऊन चावत होते. समोर आई. अर्ध्या तासानं दोघींचा शेवटचा घास झाला.

"आज कुनीतरी थांबलं गो माज्यासाटी," आई म्हणाली.

मी थांबले नव्हते, मला तेवढाच वेळ लागतो. पण ते न सांगता मी तिच्या हातावर पाणी घातलं.

आता शुगर उतरली आहे, परत सुरू झालेल्या गोळ्यांतली एक राहिली, तीही सुटेल न सुटेल. पेणला गेले की दोन लाट्या खाते आणि वहीत लिहिते. गजर काढून टाकला. रोह्यात असले की दुपारी साडेबाराला आईला फोन लावते आणि फोन ताटाशेजारी ठेवते. बोलणं फारसं होत नाही. मध्येच ती विचारते,

"झालं का गो तुजं?"

"नाय अजून."

"सावकाश जेव. माजं पन नाय झालं."