डबल बारवाली विनोदिनी

पोरीने आपलंच वजन आपल्या हातांवर पेललं, तर तुमचं काय दुखतं हो?

विनोदिनी आमच्या डिचोलीची. बाप दोडामार्गाहून खाणीवर आला, ट्रक भरून भरून वाकला. ती सावंतवाडीला मामाकडे कसरत शिकली आणि लग्नानंतरही सोडली नाही. देवळामागच्या मोकळ्या जागेत ती गावच्या पोरींना हातांवर उभं राहायला, दोरीवर चढायला शिकवते.

गेल्या वर्षी गोवा घटक राज्य झालं, त्या उत्साहात आमच्या व्यायामशाळेत लोखंड आलं. वजनं, आरसे, भिंतीवर पिळदार पुरुषांची चित्रं. मुलं दंड फुगवू लागली. फुगवोत! गोकुळदासची छाती बघून मीही मान डोलावतो. त्या मेहनतीत खोट नाही. पण पोरींना तिथे मज्जाव का? विनोदिनी भांडली नाही. म्हणाली, "तुमचां लोखंड तुमकां लखलाभ. आमचां आंग हांच आमचां वजन."

मग देवस्थानच्या सभेत तिने अध्यक्ष बाबुरावांकडे मागणी केली, "देवळामागे डबल बार घालूक जागा होयी."

तिला हवे होते कसरतीचे दोन समांतर दांडे. पण आमच्या गोव्यात बार म्हणजे एकच!

"देवळाकडे बार?" बाबुराव उसळले. "तोय डबल? एकान भागना नाय?"

संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं, विनोदिनी सोरो विकणार. आयांनी पोरी घरात कोंडल्या. दारूची बदनामी तिने सोसली असती. रिकामी जागा तिला बघवेना.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाची सुलोचनामाय केरसुणी घेऊनच आली. "काय गो, दुकान खंय तुजां?"

विनोदिनीने दोन बांबू फणसाच्या झाडांना आडवे बांधले, त्यांवर हात टेकून स्वतःला उचललं, पाय समोर ताठ धरले. "ह्योच माजो बार, माये."

बघायला आलेला गोकुळदासही चढला. एवढे दंड, पण थरथरले. पाय काही वर येईनात. "वजन उचलूक बरां गो," तो हसत म्हणाला, "सोताक उचलूक जीव जाता. माका शिकय."

"पोरींच्या मागे लायनीत रव."

सुलोचनामाय तशीच केरसुणीसकट बाबुरावांकडे गेली. जागा मिळाली. अट एकच, 'बार' म्हणायचं नाही, 'दांडे' म्हणायचं.

पण निम्म्या पोरी अजून घरातच आहेत. येत्या रविवारी सकाळी दांड्यांचे खांब पुरायचेत. पहार घेऊन या, आणि कोंडलेली लेक सोबत आणा.