पंखावरची पत्रकं

आमच्या घरात खळ कायम तयार असायची. मैदा पाण्यात शिजवायचा, झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं आणि पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचं. बाबा संघटनेचे कार्यकर्ते. तलासरी तालुक्यातल्या आमच्या पाड्यापासून पार समुद्रकाठच्या झाईपर्यंत पत्रकं लिहिणं, छापून आणणं, वाटणं आणि उरलेली भिंतींवर चिकटवणं हे सगळं त्यांच्याकडे. मी अक्षरं ओळखायला लागले ती त्या पत्रकांवरच. बालवाडीत मुलं कमळातला 'क' गिरवत होती तेव्हा मला 'जाहीर निषेध' सलग वाचता येत होतं.

चिकटवण्याची आमची एक रीत होती. कागदाला मागून खळ लावायची, कागद भिंतीवर बसवायचा आणि मग वरूनही खळीचा जाड हात फिरवायचा. वाळलं की कागद आणि भिंत एकच. फाडायला येणाऱ्याच्या हातात नखाएवढे तुकडे येतात. ही रीत मी पाचवीत शिकले आणि अकरावीत तिनेच माझं विमान पाडलं.

२०१६ साली मी डहाणूला सायन्सला जात होते. वर्गात विज्ञान प्रदर्शनासाठी नावं घेणं चालू होतं. ज्वालामुखी, पवनचक्की, पुन्हा ज्वालामुखी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "विमान."

"पुठ्ठ्याचं?" सरांनी विचारलं.

"उडणारं."

मागच्या बाकावरून आवाज आला, "आधी तलासरीची एसटी वेळेवर आण गं!"

वर्ग हसला, सरही हसले. पहिल्या तासाला मी रोज उशिरा यायचे हे खरं होतं. पण एसटी उशिरा येते यात माझा काय गुन्हा, आणि त्याचा विमानाशी काय संबंध? मी खाली बसले नाही. सरांनी वहीत लिहिलं ते मला उभ्याने दिसलं. 'विमान'. नुसतं 'विमान'. 'उडणारं' त्यांनी गाळलं होतं. मला तो गाळलेला शब्द कॉलेजकडून लिहून हवा होता. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

डहाणूच्या समुद्रावर रविवारी सकाळी एक गृहस्थ रिमोटचं विमान उडवायचे. रेल्वेत सिग्नलच्या कामाला होते, स्टेशनजवळच्या क्वार्टर्समध्ये राहायचे. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मला हे शिकायचंय. पण विकतचं नको, मी बनवलेलं."

त्यांनी विमान उतरवलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मॅडम, फुकट शिकवीन. पण एक महिना रिमोटला हात लावायचा नाही. कबूल?"

कबूल नव्हतं. पण हो म्हटलं.

तो महिना मी या काकांच्या देखरेखीखाली फक्त फेकत होते. थर्माकोलचं एक साधं विमान, ना मोटर, ना बॅटरी. वाऱ्याकडे तोंड करून, खांद्याच्या उंचीवरून, जोर न लावता सोडायचं. नाक वर करून थबकलं आणि आपटलं तर शेपूट जड. थेट वाळूत घुसलं तर नाक जड. काका पंखाखाली, पुढच्या कडेपासून एक तृतीयांश अंतरावर, दोन बोटं टेकवायचे आणि विमान त्या बोटांवर तोलून धरायचे. "इथे सपाट राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर उडवायचं नाही. तुझी इच्छा कितीही मोठी असू दे."

मी नाकाला मळलेल्या पिठाची गोळी लावायचे, तोलायचे, फेकायचे, उचलायला धावायचे. सुरूच्या झाडांखाली बसलेली पोरं ओरडायची, "ताई, कागदाचं कर, लांब जातं!" एके दिवशी विमान वाळूवरून हातभर उंचीने तरंगत गेलं आणि आपणच बसलं, कुणी हाताने ठेवावं तसं. पोरं उठून बघायला आली. पुढच्या रविवारी काकांनी रिमोट दिला.

रिमोटवर पहिली अडचण अशी की विमान आपल्याकडे तोंड करून येत असेल तर डावं-उजवं उलटं होतं. मी दर वेळी चुकीकडे वळवायचे. काका म्हणाले, "डावं-उजवं विसर. जो पंख खाली पडतोय त्याला टेकू दे. रिमोटची दांडी त्या पंखाच्या बाजूला सरकव." टेकू मला कळतो. आमच्या ओटीचं छप्पर दोन टेकूंवर उभं आहे.

मग काकांची ड्यूटी बदलली, तीन आठवडे भेट नाही. त्यांनी देऊन ठेवलेली जुनी मोटर आणि बॅटरी घेऊन मी माझं विमान एकटीने बांधायला घेतलं. डेकोरेशनच्या दुकानातून थर्माकोलच्या शीट आणल्या. पंखाच्या आत घालायला बांबूची कांब शेजारच्या आजोबांनी तासून दिली. ते चिकूच्या करंड्या विणतात. दोन्ही टोकं धरून कांब वाकवली आणि कुठे जास्त वाकते ते बघून तिथे सुरी लावली नाही. मापाची पट्टी त्यांनी हातातही घेतली नाही.

डिंकाने मात्र दगा दिला. झटकन चिकटणारा डिंक थर्माकोल खातो हे मला माहीत नव्हतं. थेंब पडला तिथे खड्डा. मी संतापले आणि मग घरातला डबा आठवला. खळ थर्माकोलला काही करत नाही. कांब खळीने बसवली, सांधे खळीने जोडले. आणि खळ हातात आल्यावर डोळे कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे गेले. कॅनॉलचं पाणी आधी आमच्या शेताला द्या, या मागणीची पत्रकं होती, गुलाबी, पातळ कागदावर. वर ठळक अक्षरात 'जाब द्या'.

मी ती पंखभर चिकटवली. शेपटीवरही. मागून खळ, वरून खळ. वाळल्यावर पंख टिचकी मारली की खणखणायचा. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत 'जाब द्या, जाब द्या, जाब द्या'. इतकं देखणं काही मी आयुष्यात बनवलं नव्हतं.

ड्यूटी संपवून आलेल्या काकांना मी हट्टाने झाईला नेलं. आमच्या बाजूचा किनारा, ओहोटीला वाळू कडक होते. विमान हातातून सुटलं, शेपटीवर उभं राहिलं आणि मागच्या मागे पडलं. नाकाला वजन लावून पुन्हा सोडलं. या वेळी ते चढलं, डावीकडे कलंडलं, मी दांडी पूर्ण दाबून धरली तरी कलंडतच गेलं आणि बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांमध्ये घुसलं.

"ए बये!" बोंबील उलटवणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुझं इमान खातं का काय बोंबील?"

"चुकलं मावशी."

"चुकलं ते दिसतंय. चल, टांग परत."

काका आणि मी पडलेले सगळे बोंबील पुन्हा टांगले. मग काकांनी पंख डोळ्यासमोर धरला आणि एका टोकाकडून पाहायला सांगितलं. पंख पिळला होता. खळ वाळताना कागद आकसला, आणि आकसताना त्याने थर्माकोलला ओढून घेतलं. पिशवीतून काकांनी छोटा वजनकाटा काढला. नुसत्या थर्माकोलचा त्यांचा पंख नव्वद ग्रॅम. माझा एकशे सत्तर.

"पेपर काढून टाक. नाही, पंखच नवा कर."

"पेपर नाही ते. पत्रक आहे."

"विमानाला वाचता येत नाही, मॅडम."

मला राग आला, कारण ते बरोबर होते. एसटीत बसल्या बसल्या मी ठरवलं, नवा पंख करायचा, कोरा.

आणि दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. तयारी पाहायला सगळ्यांचे प्रकल्प मागवले होते. माझं विमान टेबलावर ठेवलेलं होतं आणि ते पंख वाचत होते. "हे राजकारण काय आहे? हे काढून टाक. आणि प्रदर्शनात काही उडवायचं वगैरे नाही. टेबलावर ठेवायचं, मागे चार्ट लावायचा."

पत्रकं काढायचा माझा निर्णय कालच झाला होता. तो माझा होता. आता तो त्यांचा झाला. मी म्हटलं, "नाही काढणार, सर."

पुढचे दोन आठवडे मी त्या वाकड्या पंखाशी झगडले. काका येऊ म्हणाले तरी नको म्हटलं. शेपूट तोलायला नाकात आणखी वजन, वजन उचलायला मोटरला आणखी जोर, मोटर हाताला चटका बसेल इतकी तापायची. विमान दोन-तीन सेकंद हवेत राहायचं आणि कलंडायचं. मी माझ्यापुरती लढत होते. घरी बाबांना सगळं सांगितलं. ते खूश होतील, याची खात्री होती.

बाबा डब्यात खळ ढवळत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "उडतं का?"

"नाही. पत्रकांनी जड झालंय."

"मग काढ ना."

"बाबा, त्यांनी काढ म्हटलं म्हणूनच ठेवलीत!"

"म्हणजे त्यांनी ठेव म्हटलं असतं तर काढली असतीस?" बाबांनी ढवळणं थांबवलं. "मग बाय, तुझ्या विमानाचं ठरवतो कोण? प्राचार्यच ना?"

इतकी वर्षं दुसऱ्यांना जाब विचारणारे बाबा, आणि मला विचारला तो असा, खळीचा पळा हातात धरून.

"आणि पत्रक वाटायचं असतं," ते पुढे म्हणाले. "तू एकाच ठिकाणी वीस लावलीस. वाचणार कोण? बोंबील?"

चार दिवसांत नवा पंख झाला. कोरा थर्माकोल, आत आजोबांची नवी कांब, खळ फक्त सांध्याला, बोटाने पुसून पातळ केलेली. उजव्या पंखाखाली लाल चिकटपट्टी, म्हणजे लांबूनही कळावं कुठली बाजू कुठली. शंभर ग्रॅमला थोडं कमी. झाईच्या वाळूवरून ते उठलं, लगेच एका बाजूला कललं आणि काका ओरडले, "टेकू! टेकू दे!" मी दिला. ते सरळ झालं, समुद्रावरून वळून आमच्या डोक्यावरून गेलं. बोंबीलवाल्या मावशी दोन्ही हात दोऱ्यांवर पसरून उभ्या होत्या.

प्रदर्शनाच्या दिवशी प्राचार्यांनी कोरा पंख पाहिला. "शहाणी झालीस."

"तुमच्यासाठी नाही काढली, सर. सत्तर ग्रॅमसाठी काढली." आणि मी जुना पंख टेबलावर ठेवला, 'जाब द्या'सकट. शेजारी चार्ट: दोन्ही पंखांची वजनं, पीळ कसा आला, का आला. "हा चुकलेला प्रयोग आहे. चूक दाखवायची तर तीही टेबलावर हवी." परीक्षकांपैकी एक बाई हसल्या, म्हणून प्राचार्यांनी तो पंख काढायला लावला नाही.

त्याच बाईंनी विचारलं, "उडतं का गं?"

नियम मला तोंडपाठ होता. पण उडणाऱ्या विमानाबद्दल 'हो, पण दाखवता येत नाही' असं उत्तर मी कोणत्या तोंडाने देणार? मी काकांनी दिलेला रिमोट पिशवीतून काढला. "मैदानावर चला."

सगळ्यांना पायऱ्यांवर, माझ्या पाठीमागे उभं केलं. ज्याने एसटीवरून टोमणा मारला होता त्यालाच म्हटलं, कुणालाही पुढे येऊ देऊ नकोस. तो खरंच आडवा हात धरून उभा राहिला. मैदान मोकळं आहे हे दोनदा पाहिलं आणि विमान सोडलं.

पहिली फेरी पूर्ण होते आहे तोच मागून प्राचार्यांचा आवाज. "खाली आण ते! आत्ताच्या आत्ता!"

विमान तेव्हा वारा पाठीशी घेऊन पळत होतं. तसं उतरवलं तर ते भिंतीवर जाऊन फुटतं. विमान वाऱ्याला तोंड देऊनच उतरतं, हुकूम कुणाचाही असो. "आणते सर, वळल्यावर," मी म्हटलं आणि मान वळवली नाही. ते पुन्हा ओरडले. मी विमान मैदानाच्या टोकापर्यंत नेलं, वळवलं, पडणाऱ्या पंखाला टेकू दिला, मोटर कमी केली. गवतावर ते जरा आपटलं. प्रोपेलरचं एक पातं गेलं.

माझं नाव स्पर्धेतून काढलं. दोन दिवसांनी नोटीस हातात पडली. माफीनामा मागितला होता. तो मी लिहिला नाही. प्राचार्यांनी तीन आठवडे मला प्रयोगशाळेत येऊ दिलं नाही, आणि ते चूक होतं असं मी आजही म्हणते. पण नोटीस मी दोनदा वाचली. छापील लेटरहेड, खाली सही आणि गोल शिक्का, आणि मध्ये स्वच्छ अक्षरात: 'सदर विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या मैदानावर विनापरवानगी विमान उडवले.'

ती मी घरी नेली. बाबांनी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि डबा काढला. ओटीच्या भिंतीवर, दारातून शिरताच दिसेल अशा जागी त्यांनी ती लावली. मागून खळ. मग वरूनही, जाड हाताने.