रिव्हर्स सोडून सगळं येतं

गेल्या वर्षी एक जानेवारीला मी एक संकल्प केला, आणि तो मी सोडून बाकी सगळ्यांनी मनावर घेतला.

चूक केतकीची. केतकी म्हणजे माझी मुलगी. पुण्याला नोकरी करते आणि उरलेल्या वेळात अमरावतीतल्या आईला सुधारते. ती फोनवर म्हणाली, "आई, तुझे संकल्प टिकत नाहीत कारण तू ते मनातल्या मनात करतेस. सगळ्यांना सांगून टाक. मग लाजेपोटी तरी पूर्ण होतील."

मला पटलं. (मनातल्या संकल्पांची अवस्था मलाच ठाऊक. योगासनांची चटई सध्या गव्हाच्या कोठीखाली आहे, कोठीला ओल लागू नये म्हणून.) चहा पिता पिता मी घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "यंदा मी कार शिकणार आणि बाबांना स्वतः चालवत मोझरीला नेणार."

मोझरीचं कशाला लिहिलं, ते आजही सांगता येत नाही. नुसतं 'कार शिकणार' फार उघडंबोडकं वाटत होतं, म्हणून भाजीवर सांबार टाकावा तसं वरून टाकलं. (आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याची माणसं आमच्याकडे सांबार वाढला की इडली शोधतात.)

आता बाबा. बाबांचा जन्म बार्शीटाकळीत झेंडू आणि शेवंती पिकवण्यात गेला. आता ते अकोल्याला माझ्या धाकट्या भावाकडे, प्रमोदकडे असतात. दरवर्षी फुलांची टोपली मांडीवर घेऊन ते एसटीनं गुरुकुंज मोझरीला जायचे, राष्ट्रसंत महाराजांच्या समाधीवर फुलं वाहायचे आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन परत यायचे. पुढे गुडघ्यांनी एसटीच्या पायरीला नकार दिला आणि मोझरी बंद झाली. बाबांना मोबाईल वापरता येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते. प्रमोदनं माझा मजकूर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. दोनदा.

लगेच फोन आला. "सुमे, खरंच नेतं का वं?"

"हो बाबा, नेते की."

"मंग मी सांगून देतो सगळ्याईले."

आणि त्यांनी खरोखरच सांगून दिलं. गल्लीत, दवाखान्यात, बार्शीटाकळीत, बसस्टँडवर. फेब्रुवारीत बाळापूरची एक बाई मला एका लग्नात भेटली. माझी-तिची ओळख नव्हती. ती म्हणाली, "तुमीच का थ्या, मोझरीवाल्या?"

मग शिकणं भाग होतं. मी ड्रायव्हिंग क्लास लावला. शिकवणारे सर अत्यंत शांत. मी म्हणे, "सर, थांबली बघा गाडी!" ते म्हणत, "छान, मॅडम." शेवटच्या आठवड्यात माझं सहज खाली लक्ष गेलं, तर सरांच्या पायाशी त्यांचा वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता, आणि त्यांचे दोन्ही पाय हार्मोनियम वाजवल्यासारखे चालले होते. म्हणजे इतके दिवस मी फक्त हॉर्न वाजवत होते!

तरी लायसन्स मिळालं. परीक्षेच्या दिवशी साहेब म्हणाले, "मागे घ्या." मी घेतली, आणि गाडी सुतात ओवल्यासारखी सरळ मागे गेली. आयुष्यात एकदाच, साहेबांच्या देखत. तो योग पुन्हा आला नाही.

पुढे जाण्याचं हळूहळू जमलं. मागे येणं जमेना. आमचे मिस्टर एका कॉलेजात ग्रंथपाल आहेत, त्यामुळे घरातही हळूच बोलतात. रिव्हर्स शिकवायचं त्यांनी अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी मी शेजाऱ्यांच्या कुंड्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी आमचंच फाटक.

"उजवीकडे फिरव," मिस्टर म्हणाले.

"माझ्या उजवीकडे की गाडीच्या?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. "गाडीत तू बसली आहेस ना?"

"हो."

"मग दोघींचं उजवं एकच आहे."

हे मला त्या वेळी फारच गोंधळात टाकणारं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिकवायला येण्याऐवजी पेपर वाचला.

केतकी रोज एक प्रेरणादायी व्हिडिओ पाठवायची. त्यात एक गृहस्थ डोंगराच्या टोकावर उभे राहून ओरडत असत, "ध्येय गाठायचं असेल तर मागे वळून पाहू नका!" मी तो सल्ला शब्दशः पाळला. जिथे गाडी मागे घ्यावी लागेल अशा ठिकाणी जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं. मी शिकवते त्या शाळेला दोन फाटकं आहेत, ती सोय झाली. भाजी फक्त अशाच बाजारातून आणायची जिथून पलीकडच्या बाजूनं निघता येतं. लग्नाची पत्रिका आली की मी मुहूर्ताच्या आधी कार्यालयाला मागचा रस्ता आहे का ते विचारते. माणूस असा विचार करून जगला तर रिव्हर्सवाचून काही अडत नाही.

मोझरी मात्र लांबत गेली. उन्हाळ्यात ऊन होतं. (वऱ्हाडात असतं.) पावसाळ्यात पाऊस होता. दिवाळीत दिवाळी होती. बाबा काही म्हणत नव्हते, फक्त फोनवर शेवटी विचारायचे, "गाडी बरी हाय नं?"

डिसेंबरात प्रमोदचा फोन आला. "ताई, बाबाचं काय करू सांग. मी कितीकदा म्हनलं, मी गाडी करतो, चाला मोझरीले. तं म्हनतात, नाई, सुमी नेनार हाय. काल त्याईनं टोपली धुतली न् उन्हात ठेवली."

बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. हेही मागितलं नव्हतं. मीच आपण होऊन कबूल केलं होतं, आणि ते बिचारे वर्षभर माझ्या भरवशावर बसून होते.

"येत्या रविवारी," मी मिस्टरांना म्हटलं.

"गाडी मी चालवू?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि विम्याचा कागद शोधायला गेले.

शनिवारी आम्ही अकोल्याला निघालो. गाडी मी चालवली. मिस्टर शेजारी बसून हँडब्रेकला धरून होते, दवाखान्यात नातेवाइकाचा हात धरून बसावं तसे. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, आणि उन्हं कलायच्या आत आम्ही प्रमोदच्या गल्लीत शिरलो. बाबा ओट्यावर उभे होते. ते हातानं खुणावत राहिले, "ये, ये, अजून ये!" मी गेले. ते ये म्हणत राहिले, मी जात राहिले, आणि गल्ली संपली. समोर भिंत होती.

सारी गल्ली गोळा झाली. बाबांनी बोनेटवर हात ठेवला. बैलाच्या पाठीवर ठेवायचे तसाच. "अमरावतीहून आनली पोरीनं. सोता!"

मिस्टर कानाशी म्हणाले, "आत तर घातलीस. बाहेर कशी काढणार?"

आता गल्ली इतकी अरुंद की गाडी वळणं अशक्य. म्हणजे मोझरीचा रस्ता रिव्हर्सनं सुरू होत होता.

"पहाटे सगळे झोपेत असताना मी काढून ठेवतो," मिस्टरांनीच धीर दिला. ते उजाडायच्या आधी उठले, चप्पल घालून बाहेर गेले आणि तसेच परत आले.

"काय झालं?"

"गाडीत बाबा बसलेत."

फुलं ठेवायची म्हणून त्यांनी रात्रीच माझ्याकडून दुसरी किल्ली मागून घेतली होती. आंघोळ करून, धुवट धोतर नेसून, टोपी घालून ते पुढच्या सीटवर बसले होते. मागच्या सीटवर झेंडूची टोपली, तिच्या शेजारी शेवंतीची, आणि वर गाठोड्यात आणखी झेंडू. मागच्या काचेतून रस्ता दिसतच नव्हता. (दिसला असता तरी मला काय उपयोग होता म्हणा.)

मिस्टर खिडकीशी वाकले. "बाबा, मी जरा गाडी गल्लीबाहेर काढून देतो."

"तुमी राहू द्या, जावईबापू. सुमी काढते."

सूर्य वर आला तोवर सगळी गल्ली पुन्हा हजर. कुणी नारळ फोडला, कुणी चाकाखाली लिंबू ठेवलं, भावजयीनं मला ओवाळलं. मी स्टेअरिंगपाशी बसले. मिस्टर मागे फुलांत बसले, त्यांचं फक्त डोकं दिसत होतं.

प्रमोद मागे उभा राहून ओरडला, "येऊ दे ताई, येऊ दे! जराशी डावी! डावी म्हनलं! ताई, डावी कोनती असते?"

गाडी मागे निघाली. सुरुवात उत्तम होती. मग ती मनानंच कलली, मी तिला सावरायला गेले, ती जास्तच कलली, आणि समोरच्या शेवंताकाकूंच्या ओट्याजवळ 'खाड्' असा आवाज झाला. मागोमाग टपावर पाऊस पडायला लागला.

शेवंताकाकूंचा नळ मुळापासून गेला होता. नेमका तो नळाला पाणी येण्याचा दिवस होता. पाण्याचा फवारा दुसऱ्या मजल्याला टेकला.

मला वाटलं, आता गल्ली माझ्यावर धावून येईल. गल्ली धावली, पण घरात. "नळ आले! नळ आले!" एका मिनिटात बादल्या, घागरी, पातेली, तपेली, मिळेल ते घेऊन सगळे परतले आणि आमच्या गाडीभोवती रांग लागली. एका बाईनं बोनेटवर कळशी टेकवली आणि मला म्हणाली, "जराशी मांगं घेतं का? भांडं बसत नाई."

शेवंताकाकू कमरेवर हात ठेवून फवाऱ्याकडे पाहत होत्या. मी काच खाली करून म्हटलं, "काकू, चुकलं हो माझं. भरून देते मी."

"राहू दे," त्या वर बघत म्हणाल्या. "इतका जोर तं नळ घेतला तवापासून नवता!"

प्रमोदनं शेवटी स्वतःच्या गळ्यातला दुपट्टा काढून पाइपात कोंबला आणि त्यावर बसला. तो उठला की फवारा उठे, म्हणून त्याला तिथेच ठेवावं लागलं. गाडी ओट्याला तिरकी अडकलेली. पुढे भिंत, मागे ओटा, मध्ये मी.

गल्लीतले एक पहिलवान गृहस्थ पुढे आले. "उचलून फिरवतो आमी. लहानशी तं हाय. आजोबा, तुमी उतरा."

"कायले उतरू?" बाबा म्हणाले. "उतराले गुडघे लागतात. उचला नं, मी काई भारी नाई."

मिस्टर फुलांतून उतरायला निघाले, तर बाबांनी त्यांनाही हात धरून बसवलं. मलाही. म्हणाले, निघालेल्या गाडीतून उतरू नये. आणि मग "जय गुरुदेव!" म्हणत सगळ्या गल्लीनं आमची गाडी आम्हा तिघांसकट उचलली. मी स्टेअरिंग धरून होते. का धरलं होतं, माहीत नाही. पण हवेतही मी ते सोडलं नाही. पालखीसारखी गाडी डुलत डुलत वळली, बाबा खिडकीतून दोन्ही बाजूंना हात जोडत होते, आणि गल्लीच्या तोंडाकडे नाक करून आम्ही जमिनीला टेकलो. टाळ्या पडल्या. मी गिअर टाकला आणि पुढे गेले. तेवढं मला उत्तम येतं.

वाटेत ट्रॅक्टरनंही आम्हाला मागे टाकलं. बाबांना घाई नव्हती. प्रत्येक शेत बघत, प्रत्येकाच्या तुरीला नावं ठेवत ते मोझरीला पोचले. समाधीपाशी त्यांनी माझा खांदा धरला आणि स्वतःच्या हातानं टोपली रिकामी केली. शेवटची शेवंती वाहून झाली तरी ते बराच वेळ तिथेच उभे होते. मग टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चाल."

परतीच्या वाटेवर मिस्टर मागे झोपले होते. बाबा बराच वेळ सरळ रस्त्याकडे बघत बसले.

"सुमे, रामेश्वर किती दूर हाय वं?"

"लांब आहे, बाबा. का?"

"रस्ता सरळ हाय का?"

"बहुतेक सरळच. खाली दक्षिणेला."

"मंग पुढच्या साली जमते आपल्याले," बाबा समाधानानं म्हणाले. "समुद्र लागेपरेंत मांगं घ्याचं कामच नाई."

मी जरा विचार केला आणि हो म्हटलं. समुद्र आला की फक्त थांबायचं असतं, आणि ते मला येतं. समोर भिंत असली तर नक्कीच येतं.